छंद संगणकाचा, चाकरी जन्माची

बारावीचा निकाल लागला की आपल्या नायगावच्या बसस्टँडवर बॅगा-वळकट्यांची गर्दी दिसू लागते. कोणी नांदेडला निघाले, कोणी लातूरला, कोणी थेट पुण्याला. घरोघरी महिनाभर एकच खल चाललेला असतो. पूर्वी तो डॉक्टर की इंजिनिअर एवढ्यावर थांबे. आता इंजिनिअरीतही ‘कॉम्प्युटर’च पाहिजे असा हट्ट असतो. बापाने होकार द्यावा तर फीचा आकडा छाती दडपवणारा, आणि नकार द्यावा तर पोराचे नुकसान केल्याचा जन्माचा ठपका. मग कोणी सोयाबीनच्या पट्टीवर, कोणी बँकेच्या कर्जावर, तर कोणी रस्त्याकडेचे दोन एकर काढून हा डाव मांडतो. गंमत अशी, की ज्या कामासाठी हे सारे चालले आहे ते काम असते कसे, ते जन्मभर कसे करावे लागते, हे घरातल्या कोणालाच, कित्येकदा त्या पोरालाही, ठाऊक नसते. जावयाची चौकशी आपण याहून बरी करतो!

आजचा लेख त्या चौकशीपुरता.

प्रथम एक घोटाळा दूर करू. संगणक वापरणे वेगळे आणि त्याला काम शिकवणे वेगळे. एमएस-सीआयटीचा वर्ग करून पोरगी अर्ज टाइप करू लागली, हिशेबाचे तक्ते मांडू लागली, तर ते चांगलेच आहे. नोकरीत त्याचा उपयोग होतो. पण ते ट्रॅक्टर चालवण्यासारखे झाले. ट्रॅक्टरचे इंजिन बांधणारा तो निराळा. संगणकाच्या धंद्यात हा बांधणारा म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा.

प्रोग्रॅम म्हणजे काय? आपल्या सालगड्याला आपण सकाळी सांगतो, ‘मोटार चालू कर अन् हळदीला पाणी दे.’ तेवढ्यावर तो बिचारा सगळे उरकतो, कारण उरलेले तो स्वतःच्या अकलेने जाणतो. संगणकाला अक्कल नाही. त्याला सांगावे लागते: आधी लाईट आहे का पाहा. असेल तर तिन्ही फेज आहेत का पाहा. नसतील तर मोटारीला हात लावू नकोस. असतील तर विहिरीत फूटव्हॉल्व्हच्या वर पाणी आहे का पाहा. आहे? मग बटण दाब. पहिला वाफा भरला का? नसेल तर थांब आणि पुन्हा पाहा. भरला असेल तर दारं मोडून दुसऱ्यात सोड. शेवटचा वाफा होईपर्यंत हेच कर, मग मोटार बंद कर. आता खरी मेख पुढे आहे. सातव्या वाफ्यावर असताना लाईट गेली आणि पहाटे तीनला आली, तर पहिल्यापासून सुरू करायचे की सातव्यापासून? सातव्यापासून म्हणाल, तर सातवा चालू होता हे लक्षात कोणी ठेवायचे? असल्या प्रश्नांचा आधीच विचार करून जर-तरची ही लांबण बिनचूक लिहून ठेवणे, हाच प्रोग्रॅम लिहिणाराचा धंदा. बाकी सगळे त्यावरचे पांघरूण आहे. ज्या पोराला ‘लाईट गेली तर?’ हा प्रश्न आपणहून सुचतो आणि सुचल्यावर झोप येत नाही, त्याचे या धंद्यात जमते.

या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसांची ओळख करून घ्यायची तर दूर अमेरिकेत जायला नको. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. तिथे ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय भटकर यांचा जन्म झाला. त्यांनी नागपूरला १९६५ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पुढे बडोद्याला एम.ई. केले आणि १९७२ साली दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट मिळवली. त्या काळी देशात संगणक अगदी मोजके होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली रीतसर सुरू झाला होता. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह अडीच हजारांहून जास्त होते आणि तो दांडगा पसारा मांडायला मोठी जागा लागे. असल्या यंत्राचा छंद घरात बसून कोण करणार? भटकरही संगणकाकडे आले ते इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेने. १९८० ते १९८७ या काळात ते केरळात तिरुअनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधन केंद्राचे संचालक होते.

मग आला पावसाचा प्रश्न. हो, पावसाचाच. मान्सूनचा अंदाज बांधायचा तर हवेचा दाब, वारा, बाष्प, तापमान यांचे असंख्य आकडे थोड्या वेळात सोडवावे लागतात. उत्तर आठ दिवसांनी मिळाले तर त्याचा उपयोग काय? पाऊस तोवर पडून गेलेला असतो. त्यासाठी महासंगणक लागतो. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे ‘क्रे’ कंपनीचा महासंगणक मागितला. हे यंत्र अण्वस्त्रांच्या हिशेबालाही चालते, म्हणून अमेरिकेने पुष्कळ आढेवेढे घेतले. मागितले होते त्याहून कमी ताकदीचे यंत्र, तेही नाना अटी घालून, अखेर दिल्लीला आले. दरम्यान सरकारने ठरवले की आपले आपण बांधू. १९८८ च्या मार्चमध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली, तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये ठरले आणि धुरा एक्केचाळीस वर्षांच्या भटकरांकडे आली. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला.

तो कसा बांधला, हे शेतकऱ्याला चटकन समजेल. महासंगणक बांधायची जुनी रीत म्हणजे एकच अफाट ताकदीचा गडी शोधायचा. तसला गडी आपल्याला कोणी देत नव्हते. म्हणून पुण्याच्या मंडळींनी टोळी लावली. विलायतेत मिळणाऱ्या ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या साध्या चिप डझनांनी घेऊन, त्या एकमेकींना जोडून, एकच काम सगळ्यांत वाटून दिले. सोयाबीन काढणीला आपण दुसरे काय करतो? पण टोळी लावणाऱ्याला विचारा, माणसे गोळा करणे सोपे, पाती वाटून देणे अवघड. एकाचे पाते संपून तो बिडी ओढत बसला आणि दुसरा अर्ध्यावर अडकला, तर वीस माणसे लावून कामाला दिवस तेवढाच लागतो. खरा कस मुकादमाचा. संगणकात हा मुकादम म्हणजे प्रोग्रॅम. ‘परम’ तयार झाला तो चिपांमुळे जेवढा, तेवढाच हे वाटप लिहून काढणाऱ्या पोरा-पोरींमुळे. पुढे हे यंत्र परदेशातही विकले गेले. भटकरांना २०१५ साली पद्मभूषण मिळाले.

त्या कामाचे पुढचे पीक आपण आज खातो आहोत. पुण्यातच उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ नावाचा महासंगणक बसला. पहिल्या ‘परम’ची ताकद गिगाफ्लॉप या मापाने मोजत, ‘अर्क’ची मोजतात पेटाफ्लॉपने, आणि एका पेटाफ्लॉपमध्ये दहा लाख गिगाफ्लॉप बसतात. तो आहे अकरा पेटाफ्लॉपच्याही वर. मे २०२५ पासून हवामान खात्याच्या नव्या पद्धतीत देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढतात. आधी ते चौकोन बारा किलोमीटरचे होते. म्हणजे जिथे एक चौकोन होता तिथे आता चार झाले. तरीही अंदाज चुकतो, हे तुम्ही मला सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टात शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावांत पाणी शिरले, सैन्य बोलवावे लागले. सहा किलोमीटरच्या चौकोनात एका नाल्यावर किती कोसळेल हे सांगणे अजून राहिले आहे. ते काम आज शाळेत असणाऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येणार आहे.

हे झाले मोठे नाव. पण या धंद्यातली बहुतेक माणसे नाव न होता काम करतात. त्यांचा जन्म कसा जातो तेही पाहा.

सत्तरच्या दशकात प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडायची. एका कार्डावर एक ओळ. तीनशे ओळींचा प्रोग्रॅम म्हणजे तीनशे कार्डांचा गठ्ठा. तो खिडकीवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर न्यायला यायचे. एक स्वल्पविराम चुकला असला तर दुसऱ्या दिवशी उत्तराऐवजी चुकीची चिठ्ठी मिळे, आणि गठ्ठा हातातून पडला तर कार्डे पुन्हा लावता लावता संध्याकाळ होई. त्याच काळात, १९७१ साली, इंदूरला पदवी घेतलेले दीपक फाटक मुंबईच्या आयआयटीत रुजू झाले. पुढची चाळीस वर्षे आणि निवृत्तीनंतरही ते प्रोग्रॅम लिहिणे शिकवत राहिले. कार्डांच्या काळात सुरू झालेला हा मास्तर शेवटी इंटरनेटवरून हजारो पोरांना एकाच वेळी तोच विषय शिकवत होता. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चाळीस वर्षांत यंत्र बदलले, भाषा बदलल्या, पोरे बदलली. जर-तर तेवढे तेच राहिले.

छंद म्हणून संगणक घरात आला तो ऐंशीच्या दशकात, आणि तोही आधी परदेशात. विलायतेतली बारा-चौदा वर्षांची पोरे लहानसा संगणक घरच्या टीव्हीला जोडत आणि मासिकात छापून आलेले ‘बेसिक’ भाषेतले प्रोग्रॅम अक्षर अक्षर टिपून काढत. एक अक्षर चुकले की खेळ सुरू होत नसे. मग चूक हुडकत रात्र जाई. शिक्षण झाले ते त्या हुडकण्यात. आपल्याकडे १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून काही मोजक्या शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे तसलेच संगणक मिळाले. मराठवाड्याच्या खेड्यातल्या पोराने तो पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

आता समजा, १९७० साली जन्मलेल्या एका पोराला पंधराव्या वर्षी हा नाद लागला. त्याने बेसिकवर हात बसवला. नोकरीला लागला तेव्हा बँकांचे व्यवहार ‘कोबोल’मध्ये होते, ते शिकला. १९९८-९९ साली जगभर घबराट झाली. जुन्या प्रोग्रॅमांत सालाचे दोनच आकडे लिहिलेले होते, त्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रांना ते १९०० वाटेल की काय, अशी भीती होती. ती दुरुस्ती करायला आपल्याकडची हजारो माणसे लागली. त्यात तो अमेरिकेला जाऊन आला. तिकडून येतो तो कोबोल विचारणारे कमी झालेले, सगळीकडे ‘जावा’. तीही शिकला. २००१ आणि २००८ साली मंदी आली, शेजारच्या टेबलांवरची माणसे घरी गेली. पुढे मोबाईलचे प्रोग्रॅम आले. आता पंचावन्नाव्या वर्षी तो मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून ‘पायथन’ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकतो आहे. डोळ्यांना चष्मा, मानेला पट्टा, आणि अमेरिकेतला गिऱ्हाईक जागा असतो तेव्हा आपली रात्र असते. पगार चांगला मिळाला, नाही असे नाही. पण एकदा डिग्री घेतली आणि जन्माचे भागले, असे त्याला एक दिवसही वाटले नाही.

आपल्याला हे नवे नाही. गावरान ज्वारी गेली, संकरित आली. २००२ सालानंतर बीटी कापूस आला. पाहता पाहता सगळीकडे सोयाबीन झाले. दर वेळी पेरायची रीत, फवारणीचे औषध, सगळेच नव्याने शिकलो. जो शिकला नाही त्याच्या रानात तण माजले. फरक एवढाच, की शेतीत हे दहा-पंधरा वर्षांनी होते. संगणकात तीन-चार वर्षांनी. म्हणून नुसत्या पगारावर डोळा ठेवून आलेला माणूस तिथे चाळिशीत थकतो. ज्याला मुळात नाद आहे, त्याला नवे काही आले की त्रास होतो तसा आनंदही होतो.

नोकऱ्यांचेही खरे बोलू. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅट जीपीटी’ आले आणि यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले. २०२५ च्या जुलैत टीसीएस या देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यामुळे नुसती डिग्रीची भेंडोळी घेऊन येणाऱ्याला दार पूर्वीसारखे सताड उघडे नाही. माझे मत विचाराल तर, सांगितलेल्या चार ओळी लिहून देणाऱ्याचे काम यंत्र खाईल. लाईट गेली तर काय, हे विचारणाऱ्याचे इतक्यात खाणार नाही. पण कोणी क्लासवाला हमखास नोकरीची हमी देत असेल तर त्याच्या पायरीवरूनच परत फिरा. पी हळद अन् हो गोरी, असे या धंद्यात होत नाही. हळद पिकवणाऱ्यांना हे काय सांगावे!

आणखी एक धास्ती असते इंग्रजीची. अच्युत गोडबोले सोलापूरचे, १९५० चा जन्म, शिक्षण मराठी शाळेत. मुंबईच्या आयआयटीत गेले तेव्हा इंग्रजीने त्यांची भंबेरी उडाली. त्यांनी हट्टाने ती भाषा शिकून घेतली, १९७२ साली केमिकल इंजिनिअर झाले आणि पुढे तीसेक वर्षे संगणकाच्या धंद्यात घालवून मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. त्यांनी संगणकावर इंग्रजीत लिहिलेली पुस्तके इंजिनिअरिंगची मुले अभ्यासतात, आणि मराठीत लिहिलेली आपण वाचतो. त्यांचे ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र तालुक्याच्या वाचनालयात मागून पाहा, घरात मोठ्याने वाचण्यासारखे आहे. इंग्रजी लागतेच, पण ती मागाहून येते.

आता पैशाचे. पोराला खरोखर नाद आहे की नाही, हे फी भरण्याआधी फुकटात पाहता येते. दिवसभर मोबाईल हातात असणे म्हणजे नाद नव्हे. मोबाईलवर दुसऱ्याने केलेले पाहणारी पोरे घरोघरी आहेत. आपण स्वतः काही करून पाहणारे शंभरात एखादे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाने दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले आहेत. त्यांत प्रोग्रॅम लिहिणे शिकवणारे धडे मराठीतूनही आहेत आणि एक पैसा लागत नाही. एखादा जुना, वापरलेला संगणक पुरतो. दहावीनंतरच्या सुट्टीत दोन महिने त्याच्यापुढे बसून पोरगे चुका हुडकत राहिले, जेवायला हाक मारली तर ‘आलो, आलो’ म्हणत तासभर आले नाही, तर चिन्ह बरे आहे. आठ दिवसांत कंटाळून उठले तर रागावू नका, तेवढ्यावर सुटका झाली. दोन एकर वाचले.

नाद दिसला, तर वाटा जवळच आहेत. दहावीनंतर नांदेडचे शासकीय तंत्रनिकेतन आहे. बारावीला गणित-विज्ञान घेऊन सीईटीत चांगले गुण पडले तर विष्णुपुरीला १९८१ साली सुरू झालेले श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्याला इंजिनिअरिंग नको किंवा परवडत नाही, त्याला साधी बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. करून पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही संगणकाचे उच्च शिक्षण घेता येते. चांगल्या पोराचे बी.सी.ए.मुळे अडत नाही आणि आळशाचे भारी कॉलेजमुळे भागत नाही.

मुलींच्या आयबापांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ या वर्षापासून पूर्ण माफ केले आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. कॉलेजच्या व्यवस्थापनाच्या कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला यांसाठी तहसीलात निकाल लागल्यावर झुंबड उडते, तेव्हा अर्ज आधीच करून ठेवावा.

आणि हा अंक हाती पडेल तेव्हा सुट्टी चालू असेल, तर पोराला किंवा पोरीला एक काम सांगून पाहा. घरातल्या दुधाचा हिशेब सांगा: सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट, डेअरीने लावलेला दर, ॲडव्हान्सची कपात, दहा दिवसांचा पगार. हे सगळे संगणकाने आपोआप काढून द्यावे, असा प्रोग्रॅम लिहायला सांगा. आठ-पंधरा दिवस घेऊ द्या. डेअरीच्या चिठ्ठीशी आकडा जुळतो का बघा. आणि जुळला तर विचारा, ‘एके दिवशी संध्याकाळी म्हैस आटली अन् दूधच घातले नाही, तर?’